वीस मिलिग्रॅम

मागच्या महिन्यात आमच्या कॉलेजात सहदेव तायडेचा निरोप समारंभ झाला. विभागप्रमुख म्हणून भाषण मीच केलं. 'प्रामाणिक' हा शब्द मी चार वेळा वापरला, टाळ्या घेतल्या आणि शाल-नारळ त्याच्या हातात ठेवला. सहदेव खुर्चीच्या टोकाला बसला होता. सबंध भाषणात त्यानं एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. लोकांना वाटलं, चपराशी माणूस, बुजला असेल. सहदेव कोणाला बुजणारा नव्हता. त्याला माझ्याकडे पाहायचं नव्हतं, इतकंच. भाषणात मी जे गाळलं ते इथे लिहून ठेवतो. त्याचा आता काही उपयोग नाही हे मलाही कळतं.

सहदेव मूळचा रोहिणखेडचा, मराठी सातवी शिकलेला. मलकापुरात एका जिनिंग फॅक्टरीत तो दहा-बारा वर्षं काट्यावर होता. कापसाच्या गाड्या यायच्या, हा तोलायचा. बासष्ट साली आमच्या कॉलेजात विज्ञान शाखा निघाली, तेव्हा संस्थेला प्रयोगशाळेसाठी माणूस हवा होता. कोणीतरी म्हणालं, तोलमापाचा माणूस आहे, घ्या. अशा रीतीनं चाळिशीला आलेला हा गृहस्थ रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून लागला. त्याच वर्षी मी डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागलो. मी नांदुऱ्याकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, घरी चाळीस एकर, नवी कोरी बी.एस्सी.ची पदवी आणि डोक्यात तिचीच हवा.

पहिल्या आठवड्यात मी त्याला वजनपेटी दाखवली. शिसवी लाकडाची पेटी, आत मखमल, मखमलीच्या खळग्यांत पितळेची वजनं: पन्नास ग्रॅम, वीसची दोन, मग दहा, पाच, दोनची दोन आणि एक. ग्रॅमच्या आतली बारकी वजनं पत्र्याच्या तुकड्यांची. मी त्याला सांगितलं की यांना हात लावायचा नाही, चिमट्यानंच उचलायची, कारण बोटाचा घाम आणि तेल लागलं की वजन बदलतं. सहदेवनं पेटीवर वाकून विचारलं, "कोणाचाच हात चालत नाही?"

"कोणाचाच नाही. माझाही नाही."

"अन् मोठ्या साहेबायचा?"

"त्यांचाही नाही."

तो हसला. का हसला हे मला तेव्हा कळलं नाही. रोहिणखेडच्या विहिरीवर कोणाचा हात चालत होता आणि कोणाचा नाही, याचा विचार करायची मला कधी गरजच पडली नव्हती. पण त्या दिवसापासून त्या पेट्या त्याच्या झाल्या. चार पेट्या आणि काचेच्या कपाटातले चार तराजू. एखाद्या मुलानं वजनाला बोट लावलं की सहदेव त्याच्यावर असा तुटून पडायचा की प्राध्यापकसुद्धा वजन उचलताना आधी सहदेव कुठे आहे ते बघायचे.

त्याला नुसतं सामान धुण्यात समाधान नव्हतं. मुलं काय करतात, कशासाठी करतात, हे त्याला हवं असायचं. आमच्याकडे पहिल्या वर्षाला एक नेहमीचा प्रयोग होता, मॅग्नेशियमचा अणुभार काढण्याचा. चिनीमातीची एक लहान वाटी असते, तिला मूस म्हणतात. आधी रिकामी मूस तोलायची, मग तिच्यात मॅग्नेशियमची फीत घालून तोलायची, मग ती तापवून फीत जाळायची आणि थंड झाल्यावर पुन्हा तोलायची. जळताना हवेतला ऑक्सिजन धातूला चिकटतो, म्हणून वजन वाढतं. किती धातूला किती ऑक्सिजन लागला हे कळलं की अणुभार निघतो. हल्ली पुस्तकात याला मोल म्हणतात, तेव्हा आम्ही ग्रॅम-अणू म्हणायचो. वर्गातल्या निम्म्या मुलांना ते कळायचं नाही. सहदेवला मात्र एका दुपारी कळलं, आणि मग तोच मुलांना समजावून सांगू लागला.

"सरकीचे दाणे कोणी मोजत बसते काय? नाई. पण आपल्याले ठाऊक हाय, या ढिगात जेवढे दाणे तेवढेच त्या ढिगात. एकाले एक. मंग ढीग तोला. इकडचा ढीग सोळा भरला अन् तिकडचा चोवीस, तं दाण्यायचंबी तसंच. दाणा दिसो का न दिसो."

पुस्तकातलं पानभर इंग्रजी मी वाचून दाखवत होतो आणि हा माणूस चार ओळींत मोकळा होत होता. मला त्याचा राग यायचा. आता कबूल करायला काय हरकत आहे?

पण मुलांना हे समजण्याची फारशी गरजच नव्हती. उत्तर पुस्तकात छापलेलं होतं: चोवीस पूर्णांक तीन. आमच्या कॉलेजात, आणि मला वाटतं आमच्याच नव्हे, प्रयोग मागून पुढे करायची पद्धत होती. आधी वहीत २४.३ लिहायचं, त्यावरून ऑक्सिजन किती यायला हवा ते काढायचं, आणि मग मुशीचं वजन तसं बसवायचं. याला मुलं 'उलटं गणित' म्हणत. मी कॉलेजात असताना तेच केलं होतं. डेमॉन्स्ट्रेटर झाल्यावर त्याच वह्यांवर लाल सही करत होतो. सहदेवला हे पाहून जिवाचा संताप व्हायचा. काट्यावर खोटं वजन लिहिणाऱ्याला फॅक्टरीत तो चोर म्हणायचा, आणि इथे सगळं कॉलेज तेच करत होतं, तेही शिकण्याच्या नावाखाली. त्याचं मुलांना एकच सांगणं असायचं, की तराजूनं दाखवलं ते लिहा, उत्तर चुकलं तर का चुकलं ते शोधा. मुलं हो म्हणायची आणि त्याची पाठ वळली की उलटं गणित मांडायची.

त्याचं ऐकणारी एकच होती, त्याची मुलगी सिंधू.

सहासष्टच्या जूनमध्ये सिंधू आमच्याकडे बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आली. वर्गात बारा जण, त्यांत मुलगी ती एकटी. रोहिणखेडहून विज्ञानाला आलेली ती पहिलीच मुलगी असावी. घरून विरोध होता. सहदेवचा थोरला भाऊ माणिकराव घरचा कारभारी. त्याला जालन्याकडचं एक स्थळ पसंत होतं आणि मुलगी अठराची झाली होती. शेवटी सहदेवची बायको तानाबाई मध्ये पडली आणि तोड निघाली, की सिंधूनं शिकावं, पण एक वर्ष जरी नापास झाली तरी लग्न. सहदेवनं भावाला शब्द दिला. नापास झाली तर सरकारी शिष्यवृत्तीही बंद होणारच होती. म्हणजे सिंधूचं पुढचं सगळं आयुष्य त्या एका निकालावर टांगलेलं होतं, आणि हे मला माहीत होतं. सहदेवनंच मला सांगितलं होतं, नजर ठेवा म्हणून.

नजर ठेवायची गरजच नव्हती. सिंधू हुशार होती. तिच्या वहीत उत्तरं पंचवीस यायची, साडेतेवीस यायची, आणि खाली ती कारण लिहायची: फितीवर गंज होता, झाकण लवकर उघडलं. मी गुण कमी द्यायचो, कारण बाकीच्या अकरा जणांचं उत्तर बरोबर असायचं.

त्या वर्षी दसरा ऑक्टोबरच्या अखेरीस होता. धम्मदीक्षेला दहा वर्षं होत होती. सहदेव तीन दिवसांची रजा टाकून सगळ्या कुटुंबासह नागपूरला गेला आणि जाताना कपाटाच्या किल्ल्या जुना शिपाई निवृत्ती याच्याकडे देऊन गेला. इकडे खंडेनवमीला कॉलेजात शस्त्रपूजा. दरवर्षी वर्कशॉपातली हत्यारं मांडली जात. त्या वर्षी संस्थेचे अध्यक्ष किसनराव स्वतः येणार होते. आमचे विभागप्रमुख भगवंतराव हौशी. त्यांनी ठरवलं की रसायनशास्त्राचं शस्त्र म्हणजे तराजू आणि वजनं, तर तीही पूजेत मांडायची. आणि मांडायची तर लखलखीत हवीत. निवृत्तीनं घरी देवाची उपकरणी घासतात तशी चारही पेट्यांतली पितळी वजनं घासली. चिंच लावली, वर विटेची भुकटी लावली. मोठी वजनं म्हणजे पन्नासचं आणि विसांची हातात नीट बसत होती, ती त्यानं मनापासून रगडली. दहाचं आणि त्याखालची बोटांतून निसटत होती, ती नुसती पाण्यातून काढली. मग पाटावर लाल कापड, त्यावर वजनांची रांग, प्रत्येक वजनाला हळदकुंकू. मी तिथे होतो. हातात प्रसादाचा पेढा होता. मी विज्ञानाचा पदवीधर, बोटाच्या घामानं वजन बदलतं असं चार वर्षं मुलांना शिकवत आलेला, आणि मी 'छान दिसतंय' म्हणालो.

सहदेव परत आला आणि पेटी उघडताच त्याला कळलं. वजनं सोन्यासारखी चमकत होती आणि खळग्यांतल्या मखमलीवर कुंकू सांडलं होतं. त्यानं दार लावून घेतलं आणि एका पारड्यात वीसचं वजन आणि दुसऱ्या पारड्यात दहा, पाच, दोन, दोन आणि एक अशी वजनं ठेवली. दोन्हीकडे वीस. काटा मध्ये थांबायला हवा. तो थांबला नाही. घासलेलं वीस दुसऱ्या पेटीतही हलकं भरलं, तिसरीतही. सगळ्यांत कमी-जास्त वीस मिलिग्रॅमचा फरक होता. वीस मिलिग्रॅम म्हणजे चिमूटभर मीठसुद्धा नाही. पण आमच्या मुशी भरत साडेएकोणीसच्या वर. रिकामी मूस बारक्या वजनांनी तोलली जायची, कारण ती वीसच्या आत असायची. जळल्यावर ती वीसच्या पुढे जायची आणि पारड्यात हे घासलेलं वजन यायचं. मग ऑक्सिजन वीस मिलिग्रॅम जास्त दिसायचा आणि चोवीसच्या जागी अणुभार बावीस निघायचा.

सहदेवनं हे सगळं मला करून दाखवलं. नंतर त्यानं विभागप्रमुखांच्या नावे अर्ज लिहिला, सिंधूकडून शुद्ध करून घेतला आणि रीतसर माझ्यामार्फत पाठवण्यासाठी माझ्या हातात दिला. नवी वजनं मागवावीत, ती येईपर्यंत खरं वजन लिहिलेला कागद प्रत्येक पेटीत ठेवण्याची परवानगी द्यावी, एवढंच त्यात होतं. पूजेचा उल्लेख एका ओळीत होता. कोणाला दोष दिलेला नव्हता.

मी तो अर्ज माझ्या टेबलाच्या खणात ठेवला.

का ठेवला ते सांगतो. माझी नोकरी कायम व्हायची होती. कागद भगवंतरावांच्या सहीला गेला होता आणि त्यांची सही जूनमध्ये होणार होती. त्यांच्या हौसेनं प्रयोगशाळेचं वाटोळं झालं, असं सांगणारा अर्ज त्यांच्यापुढे नेऊन ठेवायची मला छाती झाली नाही. सहदेवनं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी म्हणालो, पाठवलाय, बघतायत. तिसऱ्यांदा त्यानं विचारलं नाही. तो प्रत्येक वर्गाला तोंडानं सांगायला लागला की वीस ग्रॅमचं वजन १९.९८० धरा. अकरा मुलांना त्याचं काही घेणं नव्हतं. उलट्या गणिताला खरं वजन लागत नाही.

मार्चमध्ये प्रात्यक्षिक परीक्षा आली. बाहेरचे एक परीक्षक सकाळच्या गाडीनं उतरले. बारा जणांना एकच प्रयोग, मॅग्नेशियम. भगवंतराव परीक्षकांशेजारी बसले, मी फेऱ्या मारत होतो, सहदेव मुशी आणि चिमटे देत होता. सिंधूच्या टेबलाजवळ तो जाईना. तिला काही हवं असलं की निवृत्तीला पाठवत होता. कोणी बोट दाखवू नये म्हणून.

अडीच वाजता परीक्षकांनी उत्तरपत्रिका पाहायला घेतल्या. अकरा पत्रिकांवर २४.३. ते भराभर सही करत गेले. बारावीवर थांबले. सिंधूनं दोन उत्तरं लिहिली होती. रिकामी मूस १९.६४०, धातूसह १९.९४०, जळल्यावर २०.१५७. यावरून अणुभार २२.१. खाली लिहिलं होतं: 'वीस ग्रॅमचं वजन प्रत्यक्षात १९.९८० ग्रॅम असल्यानं शेवटचं वजन २०.१३७ धरलं. यावरून अणुभार २४.४.'

खोलीत त्या दिवशी लिहिलेलं तेवढं एकच उत्तर खरं होतं. हे मला तेव्हाच कळलं होतं. नंतर सुचलेलं शहाणपण नाही हे.

परीक्षकांनी तिला बोलावून विचारलं की वजन १९.९८० आहे हे तुला कसं कळलं. तिनं सरळ सांगितलं की प्रयोगशाळेतल्या सहदेव तायडे यांनी तोलून पाहिलं आहे. नाव जुळलं तेव्हा परीक्षकांनी वर पाहिलं. तायडे तुझे कोण, असं विचारलं. वडील, ती म्हणाली.

मग सगळं फार चटकन झालं. परीक्षक भगवंतरावांकडे वळले आणि विचारलं की वजनं चुकीची आहेत का. भगवंतराव म्हणाले, छे, पेट्या नामांकित कंपनीच्या आहेत, सोबत दाखला आहे. मग परीक्षकांचा निष्कर्ष उघड होता. मुलीचं उत्तर चुकलं, तिला बरोबर आकडा ठाऊक होता, म्हणून तिनं वजनातच फेरफार दाखवला, आणि तो सांगणारा बाप खोलीतच उभा आहे.

सहदेव पुढे आला. आवाज चढवला नाही. म्हणाला, "साहेब, तोलून पाहा. मी हात लावत नाही, तुम्हीच तोला. दोन मिनिटं लागतात."

भगवंतरावांनी त्याला बाहेर जायला सांगितलं. परीक्षेच्या वेळी परिचरानं तराजूजवळ यायचं नसतं, असा नियम त्यांनी तिथल्या तिथे काढला. सहदेव हलला नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि परीक्षकांना म्हणाला, "या सरायले इचारा. म्या नवंबरात अर्ज देल्ला हाय यायच्याजवळ."

परीक्षकांनी मला विचारलं. माझ्यापासून तो खण पंधरा पावलांवर होता. अर्ज त्यात वरच्यावर होता. भगवंतराव माझ्याकडे पाहत होते. सिंधूही पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर काळजी अजिबात नव्हती. तिला वाटत होतं की आता सर सांगतील आणि प्रश्न मिटेल.

मी म्हणालो, "मला कल्पना नाही."

तराजू समोर होता. वजनं समोर होती. खोलीत रसायनशास्त्र शिकलेली तीन माणसं होती आणि तिघांपैकी एकालाही ते वीस ग्रॅमचं वजन पारड्यात ठेवावंसं वाटलं नाही. परीक्षकांना संध्याकाळची गाडी गाठायची होती. भगवंतरावांच्या घरी जेवण थांबलं होतं. आणि मी कायम व्हायचा होतो.

सिंधूच्या उत्तरपत्रिकेवर 'गैरमार्ग' असा शेरा पडला. निकालात तिची सगळी परीक्षाच रद्द झाली. लेखी पेपरांत ती वर्गात पहिली आली असती, हे मला पुढे गुणांच्या कागदांवरून कळलं. मे महिन्यात तिचं लग्न झालं. सहदेवनं दिलेला शब्द पाळला, भावाशी एका शब्दानं वाद घातला नाही. पत्रिका मला आली होती. मी गेलो नाही. वजनपेट्यांची चुकीची माहिती पसरवल्याबद्दल आणि ताब्यातल्या सामानाची हेळसांड केल्याबद्दल सहदेवला मेमो मिळाला. हेळसांड म्हणजे तो रजेवर असताना घासलेली वजनं. दोन वर्षांसाठी त्याची बदली वनस्पतिशास्त्राकडे झाली, तिथे तो कुंड्यांना पाणी घालायचा. जूनमध्ये मी कायम झालो.

अडुसष्ट साली मी नव्या वजनपेट्या मागवल्या. कारणाच्या रकान्यात 'जुन्या झाल्या' असं लिहिलं. भगवंतरावांनी न वाचता सही केली.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत शेगाव स्टेशनवर सिंधू भेटली. ती माहेरी येत होती, कडेवर मूल होतं. मी तोंड फिरवणार होतो, पण तिनंच पुढे येऊन नमस्कार केला. मी बावळटासारखं विचारलं, कशी आहेस. बरी आहे म्हणाली. सासरी शेती आहे, गावात शाळा चौथीपर्यंत आहे, शिकवायला म्हणून गेले असते पण घरचे नको म्हणतात, असं काहीबाही सांगितलं. गाडी दिसायला लागली तेव्हा तिनं विचारलं, "सर, नवीन वजनं आली काय?"

आली, मी म्हणालो.

"बरं झालं," ती म्हणाली. "पोरायचं उत्तर बरोबर येईल आता." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला तो सोसला असता.

एकोणसत्तरमध्ये सहदेव आमच्याकडे परत आला. भगवंतराव निवृत्त झाले होते आणि विभाग माझ्याकडे आला होता. मीच त्याला मागून घेतलं. मला वाटलं, काहीतरी भरपाई होईल. माणूस स्वतःला किती स्वस्तात माफ करायला बघतो. सहदेव पूर्वीसारखाच वेळेवर यायचा, काम चोख करायचा. मुलांनी वजनांना बोटं लावली तर मात्र आता काही बोलत नसे.

सत्तरच्या मार्चमध्ये प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी मी खिडकीतून पाहिलं. सहदेव मुशी वाटत टेबलाटेबलावरून जात होता. प्रत्येक मुलापाशी वाकत होता, काहीतरी पुटपुटत होता आणि पुढे सरकत होता. मुलं मान हलवून लगेच लिहायला लागत होती. एकाही मुलानं अजून तराजूचं दार उघडलं नव्हतं.

मी त्याला माझ्या खोलीत बोलावलं. दार लावलं आणि विचारलं की काय सांगत होतास.

"उत्तर सांगत होतो," तो म्हणाला. "आकडा. अन् मूस किती भराले पाह्यजे तेबी."

"तू?" मी म्हणालो. "सहदेव, तू हे करतोस?"

मला खरोखर धक्का बसला होता. अशा वेळी आपल्याला धक्का बसायचा अधिकार आहे, असंही मला वाटत होतं. नवी वजनं आहेत, मी म्हणालो, तराजू ठीक आहेत, मुलांना तोलू दे ना, उत्तर आपोआप बरोबर येईल. आणि नाही आलं तर जे आलं ते लिहू दे, तूच सांगायचास.

तो उभाच होता. मी बस म्हणालो तरी बसला नाही. नंतर तो बोलला ते शांतपणे बोलला, मुलांना सरकीचे ढीग समजावायचा त्याच आवाजात.

"सर, तोलाले म्या शिकवलं व्हतं एका पोरीले. जे दिसलं ते तिनं लिवलं. बाकी अकरा जण आज कोणी मास्तर हाय, कोणी ब्यांकेत हाय. ती जालन्याकडे शेण थापते. खरं लिवलं त्याले पास कराची ताकद तुमच्यात नाही. मंग मी लोकायच्या लेकरायले खरं काऊन शिकवू?"

देता येण्यासारखं एकच उत्तर होतं आणि ते तीन वर्षांपूर्वी पंधरा पावलांवर होतं. मी त्याला मेमो दिला नाही, थांबवलंही नाही. जा, म्हणालो. तो गेला आणि राहिलेल्या टेबलांवर वाकत गेला.

त्या वर्षी आमचा प्रात्यक्षिकाचा निकाल शंभर टक्के लागला. पुढच्या बारा वर्षांत तो कधी खाली आला नाही, आणि दरवर्षी त्याबद्दल संस्थेनं माझा सत्कार केला.